लिव्ह आणि लीव्ह

विश्वजीतनं सोनबामामांची खोली घालवली ती एका वेलांटीपायी. तीही इंग्रजीतली, जिथं वेलांटी नसतेच.

कात्रजजवळच्या एका कंपनीच्या गेस्ट हाउसवर मामा माळी होते. एकोणीस वर्षं मागच्या खोलीत एकटेच राहिलेले. साठी झाली तशी चेन्नईच्या मुख्य ऑफिसातल्या मॅनेजरची मेल आली: निवृत्तीनंतर सोनबाला तिथंच राहायचंय की जायचंय?

इंग्रजी आलं की मामा ऑफिसातल्या विश्वजीतला गाठायचे.

"लिवा साहेब. मला हितंच ऱ्हायाचंय. दुसरीकडं जागा कुटं हाय मला?"

लांबच्या चिखली गावाहून आलेल्या विश्वजीतला पुण्यात कुणी साहेब म्हणायचं ते एवढंच. तो खूश झाला, आणि एका दमात एका ओळीचं उत्तर धाडलं. पुन्हा वाचायचं ते ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी.

चार दिवसांत शाल-नारळ आला. मामा शाल पांघरूनच बागेला पाणी घालत होते. "ऱ्हायाला दिलं, वर शाल बी!"

एक तारखेला नवा माळी ट्रंक घेऊन दारात उभा.

अकाउंट्सच्या रुपालीनं विश्वजीतची ती मेल उघडली. "अरे शहाण्या, राहायचं ते लिव्ह, एल-आय. तू एल-ई-ए लिहिलंस. लीव्ह. म्हणजे सोडायचंय! तुमच्या चिखलीत ऱ्हस्व-दीर्घ शिकवत नाहीत?"

"शिकवतात. मराठीतले."

त्यानं चेन्नईला तीन मेल केल्या. शेवटी उत्तर आलं, खोली दिली गेली आहे. मामा हडपसरच्या पुढं, मांजरी गावात पुतण्याकडे गेले. वन बीएचके, माणसं पाच. मामांचं अंथरूण चपलांच्या रॅकशेजारी.

तिथून एकदा फोन आला. "तुमी बराबरच लिवलं असनार. त्या चेन्नईवाल्याचंच मन फिरलं, न्हाई का?"

हीच वेळ होती. विश्वजीतनं तोंडही उघडलं.

"हो ना मामा. तसलाच आहे तो."

"जाऊ द्या. तुमी माज्यासाठी लई केलं. या की एकदा, च्या प्यायला."

"रविवारी येतो. थोडं बोलायचंयसुद्धा."

पाच रविवार झाले. हडपसरला बस बदलावी लागते, असं तो रुपालीला सांगतो. मागच्या रविवारी तो हडपसरपर्यंत गेला होता. मांजरीची बस समोर लागली, भरली, निघूनही गेली, आणि हा थांब्यावर "मामा, ती मेल…" एवढंच घोकत उभा.