घडीतली फुली

म्हात्रे गुरुजी मुलांच्या वह्या तपासत आणि मग आपण तपासलेलंच पुन्हा तपासत बसत. शाळेत मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो तेव्हा मला हे खूळच वाटायचं. मी हसलो की म्हणत, "आपली चूक आपन काडली तं ती चूक. दुसऱ्यानं काडली का ती लबाडी." माणूस मुलखाचा भित्रा. तपासणीला साहेब येणार म्हटलं की सकाळचा चहासुद्धा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

अशा माणसाला पनवेलला ग्रामपंचायतीच्या मतमोजणीची ड्यूटी लागली, आणि टेबल मिळालं ते नेमकं लेकीच्या सासरच्या गावाचं. त्यांचे व्याहीच तिथे उभे होते. गुरुजींनी सकाळीच निवडणुकीच्या साहेबांना गाठलं. "साहेब, थितं माजी पोर दिलेली हाय. मना दुसरं टेबल द्या."

"माणसं कुठायत गुरुजी? बसा," म्हणून साहेब पुढे गेले. मदतीला मी होतो.

व्याही एका मताने निवडून आले. विरोधकांनी लगेच फेरमोजणी मागितली. बाहेर दोन्हीकडची माणसं जमलेलीच होती. "मोजणारा त्यांचाच सोयरा!" अशा घोषणा सुरू झाल्या, फाटक हलायला लागलं, एक दगड पत्र्यावर धाडकन पडला. पोलिसांनी काठ्या काढल्या. गुरुजींचा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्या काळी मतपत्रिका कागदी होत्या. शाई वाळायच्या आत कागदाची घडी घातली की फुली दुसऱ्या चिन्हावरही फिकी उमटते. म्हणून शिक्क्यातल्या फुलीची टोकं एका बाजूला वळवलेली असतात. घडीत उमटलेल्या फुलीची टोकं उलटी दिसतात, ती सोडून द्यायची आणि मत धरायचं. एरवी गुरुजींनी ते झोपेतही ओळखलं असतं. पण सकाळच्या धास्तीत त्यांनी अशी दोन मतं बादच्या गठ्ठ्यात टाकली होती. दोन्ही विरोधकाची.

फेरमोजणीत तो गठ्ठा पुन्हा उघडला. उमेदवारांची माणसं एकमेकांवर ओरडण्यात गुंतली होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मला मात्र उलटी टोकं दिसली. मी गप्प बसलो. खरं सांगतो, मला फक्त धड घरी पोचायचं होतं.

गुरुजी उभे राहिले. हातातले दोन कागद वर धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, ही दोन मतं मी चुकून बाद केली. चूक माजी हाय."

साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिले आणि दोन्ही मतं धरली. व्याही एका मताने पडले. समोरून म्हणाले, "यासाठीच तुमची पोर सून करून आनली का आमी?"

बाहेर आल्यावर मघाशी शिव्या देणारेच गुलाल घेऊन धावले. गुरुजी अंग चोरून निसटले आणि मला रिक्षात ओढून म्हणाले, "व्याही पोचायच्या आदी आपन पोचू. शिव्या मना बसू दे, पोरीला नको."

व्याह्यांच्या ओट्यावर त्यांची वनिता औक्षणाचं ताट घेऊन उभीच होती. "बाबा, तुमी? मामंजी निवडून आले ना?"

"नाय गो बाय. मीच पाडला त्यांना."

तिने ताट खाली ठेवलं आणि मामंजी येताना दिसतात का म्हणून आधी रस्त्याकडे पाहिलं.