वाळवी न लागणारं लाकूड

मल्लप्पाअण्णांना ‘बसा’ म्हटलं की ते आधी खुर्चीवर टकटक करत. सोलापुरात लाकडाची वखार चालवून त्यांची बोटं सुतारपक्ष्याच्या चोचीसारखी झाली होती. कच्च्या ओंडक्यावर पेर वाजवून ते म्हणत, “अजून ओलं हाय, थांबा.” भाचीला बघायला आलेल्या नवऱ्यामुलाच्या पाठीवरही त्यांनी टकटक केली आणि हेच म्हणाले. तो मुलगा अजून बिनलग्नाचा आहे, म्हणजे मी तरी तसं सांगतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या घराची चौकट वाळवीनं खाल्ली. एका सकाळी दार चौकटीसकट त्यांच्या अंगावर आलं. हसून हसून निम्म्या पेठेची पोटं दुखली. अण्णांनी शपथ घेतली, वाळवी शिवणार नाही असं लाकूड मिळेल तेव्हाच नवी चौकट. तोवर दारात गोणपाट. कुत्री भाकऱ्या पळवायची, म्हणून त्यांची बायको गंगव्वाकाकू राखणीला बसलेल्या. माहेर अक्कलकोटला, हाकेच्या अंतरावर, पण कित्येक वर्षं जाणं नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर अण्णा नि मी, त्यांचा शेजारी, रामेश्वरला निघालो. वाटेत, तमिळ मुलखात, सरकारनं कुंपण घालून राखलेलं एक माळरान लागलं. पायवाटेच्या दोन्ही अंगांना अजस्र ओंडके पडलेले. साल, गाठी, आतली वलयं, सगळं जागच्या जागी. अण्णांनी टकटक केली. खणकन आवाज झाला नि पेरातून रक्त आलं. “वाळवीचा बा आला तरी दात पडतील,” म्हणत त्यांनी राखणदाराचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आपल्या बाजाराच्या रिवाजानं खालून बोटं दाबून सौदा सुरू केला. तो बिचारा घाबरून पुतळा झाला.

सुटल्यावर त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, हे विकायचं नाही. झाडं मातीत गाडली गेली, दोन कोटी वर्षांत त्यांचा दगड झाला.

अण्णांचं उपरणं गळून पडलं. ते पायवाटेवरच बसले. पुढं रामेश्वरात देवळाचा एकेक दगडी खांब त्यांनी टकटक करून पाहिला. परतीच्या गाडीत, गुंतकल सोडल्यावर, एकदम म्हणाले, “जलमभर झाडं चिरली की मी. पुरलं तर टिकतंय, हे कुनी सांगितलंच न्हाय.” मग थोड्या वेळानं, “आमच्यात बी मेल्यावर पुरत्यात की.”

घरी येताच त्यांनी दाराला काळ्या दगडाची चौकट बसवली. राखण सुटली, काकू माहेरी गेल्या. चौथ्या दिवशी त्यांना परत आणायला मीच गेलो. अण्णा त्याच दारात बसल्या बसल्या गेले होते.

त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरलं. माती लोटून झाली, माणसं पांगली. काकू खाली वाकल्या, बोटाच्या पेरानं मातीवर टकटक केली आणि कान देऊन ऐकलं.

“अजून ओलं हाय,” त्या म्हणाल्या. “चल.”