दिवलीबाईचा अर्धा कोयता

ऊसतोडीत माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता: एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधून ट्रकवर चढवायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादम अर्ध्याला गाडीत बसू देत नाही. काठी गावाकडच्या एका पाड्यावरच्या दिवलीबाईचा नवरा यंदाच्या पावसाळ्यात गेला आणि ती अर्धी झाली. दिवाळी होताच ती आमच्या आश्रमशाळेच्या ओट्यावर येऊन बसली. मुलीला, दहावीतल्या निशाला, कोयता पुरा करायला गुजरातेत न्यायचं होतं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणार होती. एकदा गेलं की परीक्षा बुडालीच.

मी गणित शिकवतो. मला राग आला, पण तो दिवलीबाईचा नव्हे. आणि बोलून काय उपयोग, तिची चूल काही माझ्या पगारावर पेटत नव्हती. तास संपेपर्यंत थांबा, एवढंच म्हटलं आणि वर्गात गेलो.

फळ्यावर एक अंशापासून एकोणनव्वद अंशांपर्यंतच्या प्रत्येक कोनाच्या साइनचा वर्ग, आणि त्या सगळ्यांची बेरीज. पोरांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. एकेक किंमत काढत बसलात तर होळी येईल, मी म्हटलं. कोटिकोन शोधा, ज्यांची बेरीज नव्वद. निशा उठली. तिने पहिल्याला शेवटच्याशी जोडलं, एकाला एकोणनव्वदशी, दोनाला अठ्ठ्याऐंशीशी. एकोणनव्वदचा साइन म्हणजे एकचाच कोसाइन, तेव्हा दोघांच्या वर्गांची बेरीज एक.

"सर, प्रत्येक जोडी म्हणजे एक कोयता," ती म्हणाली.

इतकी वर्षं घसा कोरडा करतोय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. चव्वेचाळीस जोड्या झाल्या. मधे पंचेचाळीस एकटा उरला, त्याच्या साइनचा वर्ग अर्धा. निशाचा खडू थांबला. ती खिडकीतून ओट्याकडे बघत होती.

"सर, पंचेचाळीसचा जोडीदार कोण?"

"नव्वदातून पंचेचाळीस गेले की पंचेचाळीसच. त्याच्यासारखाच दुसरा."

"म्हणजे अर्ध्याला अर्धा चालतो," असं म्हणून ती खडू ठेवून बाहेर पळाली.

मायलेकी त्यांच्या बोलीत भराभरा बोलल्या. मला नाव तेवढं कळलं, धनुबाई. बाकीचं निशाने नंतर सांगितलं. धनुबाई पाड्याच्या वरच्या टोकाला राहते. नवरा मोहाच्या झाडावरून पडून घरी बसलेला, म्हणून तिलाही कुणी नेत नव्हतं. कोयता म्हणजे नवरा-बायको हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं घट्ट, की दोन बायका शेजारी उभ्या करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

सकाळी शाळेसमोर गाडी थांबली, तेव्हा दोघी कोयते घेऊन हजर होत्या. मुकादम भिला हसला.

"दोन बायासना कोयता कोठे ऱ्हास? मोळी कोण चढावी?"

दिवलीबाई शांतपणे बोलली आणि निशाने मराठीत सांगितलं: "मागच्या वर्षी माझा नवरा खोपीत पडून होता. ऊस मी तोडला, मोळीही मीच चढवली. तेव्हा तू पुरा कोयता धरलास. तो कुणाचा होता?"

भिलाने कान खाजवला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीच्या मागच्या फळीकडे बोट केलं. दोघी चढल्या. सोबत न्यायला बांधलेलं निशाचं बोचकं दिवलीबाईने वरूनच परत तिच्या हातात दिलं.

गाडी वळणाआड जाईपर्यंत निशा रस्त्यात उभी होती. मग वर्गात आली. फळ्यावर कालचं गणित तसंच होतं. डोळे पुसून तिने खाली उत्तर लिहिलं: साडेचव्वेचाळीस.