टायर जुने होते

गल्लीत तिला नागीण म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाव पडलं ते डूख धरण्यावरून. लहानपणी शेजारच्या काकूंनी तिच्या वेण्यांना उंदराच्या शेपट्या म्हटलं, तर काकू देवाघरी जाईपर्यंत हिनं त्यांचा उंबरा ओलांडला नाही. शेवटी गेली हात जोडायला, तेही बहुतेक खात्री करून घ्यायला.

अशा बाईच्या धाकट्या भावाच्या वाटेला कुणी जावं का? पण जुन्या गाड्या विकणारा एक शेठ गेला.

भाऊ ड्रायव्हर होता. दुसऱ्यांच्या गाड्या चालवून चालवून त्यानं एकदाची स्वतःची गाडी घेतली, ती या शेठकडून. पांढरी गाडी, टायर काळेभोर, डॅशबोर्ड असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. आणि थोड्याच दिवसांत चालत्या गाडीचा पुढचा टायर फुटला. गाडी कठड्यावर आदळली. भावाचा जीव वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. टायर जुने होते अशी भावानं तक्रार केली. विम्याचा माणूस चौकशीला आला तेव्हा शेठ म्हणाला, "टायर उत्तम होते हो. पोरगाच बेफाम चालवत असणार."

झालं! ते बेफाम गावभर झालं. आयुष्यात कधी कुणाच्या गाडीला ओरखडासुद्धा न पाडलेला माणूस, त्याच्याकडे आता बरोबरीचे ड्रायव्हरही फिरकेनात. आले तरी उपदेश करून जात. "जाऊ दे गं ताई," एवढंच तो म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

ताई कसली जाऊ देते! टायर जुने होते, हे त्या शेठनं स्वतःच्या तोंडानं, चार माणसांत म्हणायला हवं होतं. बस, तिला दुसरं काही नको होतं.

नवरा गेल्यापासून ती एका वॉशिंग सेंटरवर गाड्या धुवायची. त्या चांगल्या नोकरीवर तिनं पाणी सोडलं आणि शेठच्याच दुकानात गाड्या पुसायला लागली. शेठनं तिला ओळखलं नाही. ओळखणार कुठून? भावाची विचारपूस करायला त्याचे पाय कधी आमच्या गल्लीला लागलेच नव्हते.

पहिल्याच दिवशी तिला सगळं कळलं. टायरसाठी तिथं एक दाट, तेलकट पॉलिश होतं. टायर कितीही म्हातारा असो, हे थापलं की चिरा भरून निघायच्या आणि रबर तुकतुकीत दिसायचं. हेच तेल शेठच्या स्वतःच्या गाडीच्या ब्रेकवर चोळावं, असंही एकदा तिच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं दोन-तीनदा आलं. पण मेलेला माणूस बोलत नाही, आणि तिला तर त्याला बोलतं करायचं होतं. मग ती दात-ओठ खाऊन पुसत राहिली.

एकदा पॉलिश विकणारा एक माणूस नवीन बाटली घेऊन आला. आत दुधासारखं पांढरं, पातळ पाणी. शेठनं नवी-जुनी दोन्ही बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. "बाई, तुम्हीच बघा लावून. सेल तोंडावर आलाय. मला गाड्या तरण्याताठ्या दिसायला हव्यात."

तिनं एक टायर घासून धुतला, मधोमध खडूची रेघ मारली, अर्ध्यावर तेल लावलं, अर्ध्यावर दुधी पाणी, आणि उन्हात ठेवून दिला. तेलकट अर्ध्यावर दुपारपर्यंत धुळीचं पीठ बसलं. दुधी अर्धा हाताला कोरडा, नुसता काळा.

"शेठ, दुधीच घ्या," ती म्हणाली. "तेल चाक फिरलं की गाडीच्या रंगावर उडतं. डॅशबोर्डला लावलं की उन्हात समोरच्या काचेत चमकतं, चालवणाऱ्याचे डोळे दिपतात. हे टायरलाही चालतं नि आतल्या प्लास्टिकलाही. ऊन लागून तडकू देत नाही."

यातला एक शब्द खोटा नव्हता. दुधी पाणी रबर जपतं, पण आधीच्या चिरा झाकत नाही, एवढंच तिनं पोटात ठेवलं. आणि रेघ मारायला टायर घेतला होता तो मुद्दाम शोधून, धडधाकट. शेठनं मान डोलावली, तेलाचे डबे परत पाठवले.

सेलच्या सकाळी शेठ सजून-धजून येईपर्यंत तिनं ओळीतल्या सगळ्या गाड्यांचे टायर ब्रशनं खसाखसा घासून काढले. वर्षानुवर्षांचा काळा थर फेसाबरोबर गटारात गेला. मग वरून दुधी पाणी. टायर स्वच्छ झाले आणि म्हाताऱ्याच्या टाचांसारख्या भेगा उघड्या पडल्या. गिऱ्हाइकं वाकून वाकून बघत होती. एका आजोबांनी भेगेत नखच घातलं नि पुढच्या गाडीकडे गेले. तिथंही तेच.

शेठचा पारा चढला. "ए बाई! हे काय करून ठेवलंस?"

"धुतले, शेठ."

"धुवायला कुणी सांगितलं होतं? इतकी वर्षं असलेच टायर तेल लावून विकतोय मी! एकानं तक्रार केली नाही!"

बोलून गेला आणि मग त्याला आजूबाजूची माणसं दिसली.

"एकानं केली होती," ती म्हणाली. "पांढऱ्या गाडीवाल्यानं. त्याला तुम्ही बेफाम ठरवलंत. मी त्याची बहीण."

शेठचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "आत या, बसून बोलू."

"आत कशाला? बदनामी बाहेर केलीत ना? मग बाहेरच बोला. त्याचे टायर कसे होते?"

कुणीच हलेना. आजोबा तर हाताची घडी घालून उभेच राहिले.

"जुने होते," शेठ पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"जुने होते! टायर जुने होते त्याचे!"

काय गार वाटलं म्हणून सांगू तिला! फडकं तिथंच टाकलं, हातही न धुता घर गाठलं आणि भावाला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, शेठच्या आवाजाची नक्कल करून. भाऊ हसला नाही. उठून बसला.

"मोठ्यानं म्हणाला?"

"रस्त्यापर्यंत ऐकू गेलं."

"मग मला का नाही नेलंस?" त्याचा आवाज फुटला. "मी होतो ना गं बेफाम. तू ऐकून आलीस. मी काय ऐकलं?"

इतके दिवस ज्याच्यासाठी म्हणून सूड उगवत होती, त्याला ती एकदा विचारायलाही विसरली होती.

मग तिनं कोपऱ्यातली काठी आणून त्याच्या हातात दिली.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं."