शिवेवरचं गाऱ्हाणं

लोखंड दिसलं की तो खिशातला पाना काढून त्यावर मारायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "वाजता!" म्हणजे, वाजतंय.

डिचोलीच्या एका खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये तो वेल्डर होता, मी फिटर. डंपर, पाण्याची टाकी, साहेबांचं कपाट, सगळं त्याने वाजवून पाहिलं होतं. कपाट वाजवलं तेव्हा साहेब त्याला टेकूनच बसले होते. मग साहेबही बरेच वाजले.

एखादं खूळ डोक्यात शिरलं की न निघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा हरमलच्या किनाऱ्यावर गोऱ्या पोरांना गिटार बडवताना पाहून आला आणि रॉक बँड काढायचाच म्हणाला. फणसाच्या फळीची गिटार केली, तिच्या तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपला जळलेल्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळली. मला डिझेलची दोन पिंपं दिली आणि झांजेच्या जागी ट्रकचा ब्रेक ड्रम. गळा फाडायला आमचा खनिजाच्या टिपर ट्रकचा ड्रायव्हर होताच. गाणी आमचीच: धुळीची, रात्रपाळीची, बंद पडलेल्या बसची.

म्हापशाच्या एका लग्नाच्या बँडने त्याला बोलावलं होतं. हा म्हणाला, "टाय बांदून दुसऱ्याची गाणी? माका गळफास नाका."

ते दिवस मराठी की कोकणी या भांडणाचे. गोव्याचं राज्य व्हायचं होतं, आणि एका घरातली माणसं एकमेकांशी अबोला धरून होती. दोन्हीकडचे येऊन विचारून गेले, "तुमचो बँड कोणाचो?" दोघांनाही त्याचं उत्तर एकच, "आवय जे भाशेन गाळी घालता, ते भाशेन आमी गातंव." आईच्या शिव्यांची भाषा ऐकून दोघेही चिडून गेले. हा दिवसभर खूश!

त्याला हवं होतं ते एवढंच, की आपली गाणी एकदा आपल्या गावात, पेडण्यात, जत्रेला वाजावीत. देवस्थानच्या अध्यक्षांनी स्वतः नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, "देवाक विचारया." म्हणजे कौल. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

हा हात जोडून उभा होता. साहेबांना न भिणारा माणूस, पण इथे त्याचे डोळे पाकळ्यांवरून हलत नव्हते. मलाही देवाला नवस बोलावासा वाटला.

डावी पडली.

मी अध्यक्षांच्या अंगावर जाणार, तोच त्याने माझा हात धरला. "देवाक खोटो पाडू नाका." बाहेर येऊन तो थेट आम्ही आलो होतो त्या टिपरकडे गेला. त्याच्या फाळक्यावर, मागच्या लोखंडी झडपेवर, त्याने पाना मारला. "वाजता! देवान देवळात ना म्हटला. शिमेभायर ना म्हणूंक ना."

जत्रेच्या दुपारी आम्ही टिपर गावाच्या शिवेवरच्या धोंड्यापलीकडे उभा केला. टिपरच्याच बॅटरीवर कर्णा जोडला. त्याने नारळ फोडला आणि आमच्याकडे देवाला साकडं घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुजा म्हणणा आमी मानला. आता कोणाच्या कानाक त्रास जालो, तर ताका कापूस दी, पूण आमचो आवाज बंद करू नाका!"

प्रत्येक गाऱ्हाण्याला देतात तसं जमलेल्या दहा-बारा जणांनी सवयीने ओरडून उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!"

वाजवलं. चार गाणी. तिसऱ्याला एक तार तुटली, चौथ्याला अर्धी जत्रा शिवेवर आली होती. मागे पाहिलं तर गुरव उभा, पायाने ताल धरून.

पुढे दरवर्षी आम्ही तिथेच वाजवलं. काही वर्षांनी अध्यक्ष आपणहून आले, "आता देवळाच्या मंचावर वाजवा." हा म्हणाला, "देवान ना म्हटला. तुमी कोण?"

गेल्या पावसाळ्यात तो गेला. देवस्थानच्या मंडळींनी मला सांगितलं, त्याच्या आठवणीसाठी या वर्षी तरी मंचावर या. मी नाही म्हटलं आणि टिपर शिवेवर नेला. त्याची गिटार फाळक्याला टेकवून ठेवली. नारळ फोडला, पण गाऱ्हाणं 'बा देवा म्हाराजा'च्या पुढे सरकेना. शब्द त्याचे होते, मला कुठून येणार?

म्हणून मी त्याचा पाना घेतला आणि ब्रेक ड्रमवर जोरात हाणला.

सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!"