दादाची होडी आणि आईचं ‘पाणी आलं’

दादा गेला त्याला आज वर्ष झालं. त्याची होडी अजून धक्क्यालाच आहे.

गेममधली होडी. कंट्रोलर कायम त्याच्या हातात, मी शेजारी वेफर्स खात. बेटाबेटांवर जाऊन विझलेली दीपगृहं पेटवायची, एवढीच स्टोरी.

पण म्युझिक! भर समुद्रात नुसती बासरी. बेट जवळ आलं की खालून हळूच ढोल. आणि धोका असला की सगळं गप्प.

दादा म्हणायचा, "स्क्रीन काय बघतेस? कान लाव. म्युझिक आधी सांगतं."

होडी धक्क्याला लागली की बायकांचा कोरस सुरू व्हायचा. भाषा कुठल्याच देशातली नाही. आमच्या आईला मात्र ते "पाणी आलं, पाणी आलं" असं ऐकू यायचं.

अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा भरवसा नाही. ती हातातलं टाकून मोरीत नळ सोडायला धावायची. नळातून नुसती हवा. दादा हसून हसून सोफ्यावरून खाली.

ॲडमिट व्हायच्या दिवशी त्याने होडी धक्क्याला लावून गेम सेव्ह केला. पुढे शेवटचा प्रवास होता. एकदा निघालं की परत तो धक्का नाही, ते गाणं नाही.

"पुढे जाऊ नको हां चिमे. मी आल्यावर सोडू."

तो आलाच नाही.

वॉर्डात एकदम सगळं गप्प झालं, तेव्हा कोणी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तेव्हापासून कुठेही शांतता झाली की मी आधी आई कुठे आहे ते बघते. फ्रिजचा आवाज थांबला तरी.

वर्षभर मी रोज गेम लावते, धक्क्यावरचं गाणं ऐकते आणि बंद करते. मैत्रीण म्हणाली, अगं ते नेटवर आहे. आहे ना. पण तिथे दादाची होडी नाही.

मागच्या आठवड्यात कन्सोल खरखरायला लागला. उल्हासनगरचा रिपेअरवाला म्हणाला, "मॅडम, हार्ड डिस्क कभी भी जाएगी. कॉपी भी नहीं हो रही." येताना रिक्षात कन्सोल मांडीवर घट्ट धरला होता. प्रत्येक खड्ड्याला जीव वर येत होता.

आज सकाळी फोटोला हार घातला आणि कन्सोल लावला. स्क्रीन काळीच. मी कान लावला.

मग कोरस लागला.

आई स्वयंपाकघरातून उठली, मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. ते गाणं ऐकून, वर्षभरात पहिल्यांदाच.

"आई, गेममधलं आहे गं ते."

"माहितीये. पहिल्यांदा फसले होते. नंतर तो हसायचा म्हणून जायचे."

ती पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली.

"सोड आता ती होडी. हे बंद पडलं तर तिथेच अडकेल तो."

सोडली.

कोरस मागे मागे पडत गेला. मग एकदम सगळं गप्प. मी आईचा हात धरला.

आणि बासरी सुरू झाली.

दादा, पाणी आलं रे. सावकाश जा.