सविस्तर चर्चा झाली

नारायण पेठेतल्या एका छोट्या पतसंस्थेत मी व्यवस्थापक होतो. कर्ज समितीची सभा दर महिन्याला व्हायची, म्हणजे प्रोसिडिंग बुकात व्हायची. पाचांपैकी एक संचालक खडकीला, एक धायरीला, उरलेले पेठेतच. पण त्यांना एका वेळी एका खोलीत बसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. मग मी सगळं आधीच लिहून वही स्कूटरच्या डिकीत टाकायचो आणि घरोघर सह्या घेत फिरायचो. ही सभा कोरमअभावी कधी तहकूब झाली नाही, याचा मला चक्क अभिमान होता.

नोकरदारांची कर्जं अशी सुरळीत मंजूर व्हायची. अडलं ते आपांचं. त्या शिवणकाम करायच्या, आमच्या जुन्या सभासद. फेब्रुवारीत त्यांनी दोन शिलाई मशीनसाठी अर्ज दिला. एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळणार होतं, पण मशीनं मे महिना लागायच्या आत आली तरच. धंद्यासाठीचं कर्ज म्हटल्यावर प्रत्येक संचालक सही करताना म्हणाला, "हे जरा मीटिंगमध्ये बोलू." आता मीटिंग कुठून आणायची? मी दर महिन्याला लिहीत गेलो : सविस्तर चर्चा झाली, निर्णय पुढील सभेत.

एप्रिलअखेर आपा पुन्हा चौकशीला आल्या तेव्हा वही टेबलावर उघडी होती. त्यांनी चष्मा लावला आणि तिन्ही महिन्यांची पानं वाचली.

"अहो, तीनदा चर्चा झाली की माझ्यावर! काय म्हणाले सगळे?"

खोटं मी वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो. तोंडानं बोलायची वेळ पहिल्यांदाच आली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आपा, कुणी बसलंच नाही," मी म्हणालो. त्या वही मिटून निघून गेल्या.

मी वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि पाचही जणांना फोन केले : सही करायची तर ऑफिसात या. अध्यक्ष भडकले. धायरीच्या साहेबांनी गुडघा पुढे केला. तरी दहा-बारा दिवसांनी चौघे आले. मी अर्ज मोठ्यानं वाचला. एकानं जामीनदार कोण ते विचारलं, दुसरा म्हणाला, "बाईंचा हप्ता कधी चुकलेला नाही." चहा यायच्या आत मंजूर.

मंजुरीचं पत्र घेऊन मी स्वतः त्यांच्या दुकानात गेलो. त्या ब्लाउजला हुक लावत होत्या. गणवेशांचं काम आठवड्यापूर्वीच दुसरीकडे गेलं होतं. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"किती वेळ चालली मीटिंग?"

"दहा मिनिटं."

"एवढीच?" त्या म्हणाल्या आणि पुढचा हुक लावायला घेतला.

वही पुन्हा कधी डिकीत गेली नाही. आपांनीही पुन्हा कधी अर्ज केला नाही.